प्रदूषणाचे दावे लढवायचे आहेत? नव्या वकिलासाठी पायरी-पायरीने

सनद मिळून तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एक शेतकरी आला आणि थंड पेयाची जुनी बाटली टेबलावर ठेवून समोर बसला. बाटलीत त्याच्या विहिरीचं पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं. "साहेब, हा पुरावा." सोबत कागदांची पिशवी: तहसीलदाराला अर्ज, आमदाराला निवेदन, वर्तमानपत्राची कात्रणं. मी सगळं चाळलं, कंपनीचं नाव लिहून घेतलं आणि सर्वांत आधी विचारायला हवा होता तो प्रश्न सर्वांत शेवटी विचारला. पाणी पहिल्यांदा कधी बदललं?

"झाली की दोन वर्षं."

पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनजीटीच्या, कायद्यात कलम १४ खाली वाद न्यायचा तर मुदत सहा महिन्यांची. ती वादाचं कारण 'पहिल्यांदा' घडलं त्या दिवसापासून मोजली जाते. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर वर आणखी ६० दिवस, बस्स. त्याच्या हातात दोन वर्षांचे अर्ज होते, पण त्यातला एकही ना प्रदूषण नियंत्रण मंडळाला, ना मुदतीत न्यायाधिकरणाला. बाटलीही कुचकामी. ती कोणी भरली, कधी भरली, आधी तिच्यात काय होतं, यातलं काहीच सांगता येत नव्हतं. शेवटी कलम १५ खाली भरपाईचा अर्ज केला, कारण तिथे मुदत पाच वर्षांची आहे. काम निभावलं, पण लांबच्या वाटेने.

या कामात येऊ पाहणाऱ्यांना मी हा प्रसंग आधी सांगतो. युक्तिवादाची हौस सगळ्यांना असते. तारखा आणि नमुने सांभाळायचा कंटाळाही सगळ्यांनाच असतो, आणि प्रदूषणाचे दावे बहुतेक वेळा त्या कंटाळ्यापायी हरले जातात. पुढचं सगळं महाराष्ट्रात वकिली करू पाहणाऱ्यासाठी लिहिलं आहे. केंद्रीय कायदे इतर राज्यांतही तेच आहेत.

पहिली पायरी: सनद

यात फार रेंगाळत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. अशी विद्यापीठं आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. नंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणीसाठी भरमसाठ शुल्क मागितलं जायचं, त्याला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये चाप लावला. खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही.

पर्यावरण कायदा हा एलएलबीत सक्तीचा विषय आहे आणि बहुतेक जण तो गाइडवर काढतात. तुम्ही काढू नका. पदविकांविषयी नेहमी विचारणा होते. करायच्या असतील तर करा, पण पदविका आहे म्हणून कुणी ब्रीफ देत नाही. बीएस्सी करून कायद्याकडे आलेल्यांना इथे खरा फायदा असतो, तो का हे तिसऱ्या पायरीत कळेल.

दुसरी पायरी: कायदे कोणत्या क्रमाने वाचायचे

आधी एनजीटी कायदा, २०१०. छोटा आहे, एका दुपारी वाचून होतो. कलम १४ (वाद), १५ (भरपाई आणि पूर्ववत करणं), १६ (अपील) आणि त्यांच्या तीन वेगवेगळ्या मुदती तोंडपाठ हव्यात: सहा महिने, पाच वर्षं आणि ३० दिवस. पहिल्या दोन्हींत वर ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, अपिलातही तेवढीच. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जायला कलम २२ खाली ९० दिवस.

मग त्याच कायद्याची पहिली अनुसूची पाहा. तिच्यात सात कायदे आहेत आणि त्यांच्या अंमलबजावणीतून उद्भवलेलेच वाद एनजीटीकडे जातात. जल कायदा १९७४, जल उपकर कायदा १९७७, वनसंवर्धन कायदा १९८०, हवा कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ आणि जैवविविधता कायदा २००२. १९७२ चा वन्यजीव कायदा या यादीत नाही. दर वर्षी कुणीतरी नवखा वकील वन्यजीव कायद्यातलं प्रकरण घेऊन एनजीटीपुढे उभा राहतो आणि पहिल्याच तारखेला परत फिरतो.

तिसरं, जल आणि हवा कायदे कलमांनिशी वाचा. उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात, ती जल कायद्याच्या कलम २५ आणि हवा कायद्याच्या कलम २१ खाली. कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे आदेश निघतात ते अनुक्रमे कलम ३३-अ आणि ३१-अ खाली. जाता जाता एक गोष्ट: पाण्याच्या प्रदूषणाबाबत महाराष्ट्र केंद्राच्या आधी जागा झाला होता. राज्याने १९६९ साली स्वतःचा कायदा केला आणि त्याखाली सप्टेंबर १९७० मध्ये आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं राहिलं, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्या चार वर्षं आधी. या थोरल्या वयाचा नदीकाठी किती उपयोग झाला ते पंचगंगा किंवा उल्हास पाहून ठरवा.

जुनी पुस्तकं वापरताना सावध राहा. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायदा आणि पर्यावरण संरक्षण कायदा यांतल्या तुरुंगवासाच्या बऱ्याच तरतुदी काढून त्यांच्या जागी दंड आणला, तोही न्यायालयाऐवजी न्यायनिर्णय अधिकाऱ्याने ठरवायचा. २०२४ मध्ये जल कायद्यातही तशीच दुरुस्ती झाली. पण पाणी हा राज्याचा विषय असल्याने ज्या राज्याने ठराव करून ती स्वीकारली तिथेच ती लागू होते. म्हणून कुठल्याही फौजदारी तक्रारीआधी आपल्या राज्यात आज काय लागू आहे ते तपासा.

निवाडे किती वाचायचे? थोडेच, पण सारांश न वाचता पूर्ण. दिल्लीच्या ओलियम वायुगळतीवरचा एम. सी. मेहता निवाडा (१९८७), धोकादायक उद्योगाच्या संपूर्ण दायित्वासाठी, म्हणजे चूक असो-नसो नुकसान भरून देण्याच्या जबाबदारीसाठी. राजस्थानातल्या बिछडी गावाचा निवाडा (१९९६), जिथे 'प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी' हे तत्त्व एच-ॲसिडच्या कारखान्यांना लावलं गेलं. वेल्लोरच्या चर्मोद्योगांचा निवाडा (१९९६), खबरदारीचं तत्त्व आणि पुराव्याचा भार यांसाठी. रतलाम नगरपालिकेचा (१९८०), कारण साध्या सार्वजनिक उपद्रवाच्या कलमात किती ताकद आहे ते तिथे दिसतं. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ आहे. आणि अंकिता सिन्हा प्रकरण (२०२१), देवनारच्या कचराभूमीच्या निमित्ताने आलेलं, ज्यात एनजीटी स्वतःहून दखल घेऊ शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

तिसरी पायरी: प्रयोगशाळेचा अहवाल वाचायला शिका

एनजीटीच्या खंडपीठावर न्यायिक सदस्याशेजारी तज्ज्ञ सदस्य बसलेला असतो. तुम्ही "पाणी अत्यंत दूषित आहे" म्हणालात की तो विचारतो, सीओडी किती? तेव्हा ज्युनियरकडे बघून चालत नाही.

निदान एवढे आकडे डोक्यात असू द्या; बीओडी आणि सीओडी या पाण्यातली घाण मोजायच्या मापांचा अर्थ लगेच पुढे सांगतो. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत आहेत. बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, तरंगते घन पदार्थ १००, पीएच ५.५ ते ९. उद्योगानुसार मानकं वेगळी असू शकतात आणि कन्सेंटमध्ये त्याहून कडक अटी असू शकतात, म्हणून तुलना नेहमी त्या कारखान्याच्या कन्सेंटशी करा. हवेसाठी पीएम २.५ ची, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांची, २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, पीएम १० ची १००. आवाजासाठी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा.

आकडे पाठ झाले की त्यांचा आपसातला संबंध बघायला शिका. बीओडी म्हणजे सूक्ष्मजीवांना पाण्यातली घाण पचवायला लागणारा प्राणवायू. सीओडी म्हणजे रसायनाने सगळंच जाळून टाकायला लागणारा. घरगुती सांडपाण्यात या दोहोंत फार अंतर नसतं. सीओडी खूप आणि बीओडी त्या मानाने अगदी कमी असेल, तर सूक्ष्मजीवांना न पचणारं काहीतरी पाण्यात आहे आणि ते बहुधा कारखान्यातूनच आलेलं आहे. "नाल्यात गावचं सांडपाणी येतं हो" हा कंपनीचा ठरलेला बचाव मी या एका गुणोत्तरावर ढासळताना पाहिला आहे.

आता माझी आवडती युक्ती. कंपनीचा अहवाल दर महिन्याला बीओडी २८, सीओडी २४० असाच येतो, मर्यादेच्या जेमतेम आत. नमुन्याच्या दिवशी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे ईटीपी, चालवायचा आणि एरवी बंद ठेवायचा, हा संशय सिद्ध कसा करायचा? पाण्यात शोधू नका, गाळात शोधा. ईटीपी चालला तर गाळ निघणारच. रासायनिक उद्योगाच्या ईटीपीचा गाळ बहुधा घातक कचऱ्यात मोडतो आणि तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात पाठवावा लागतो. प्रत्येक गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे घातक कचरा नियम २०१६ चा नमुना १०, आणि वर्षाअखेरीचं विवरणपत्र नमुना ४. वर्षभरात इतके लाख लिटर सांडपाणी शुद्ध केलं म्हणणाऱ्या कंपनीने गाळ जेमतेम दोन-चार पोती पाठवला असेल, तर बाकी बोलायची गरज उरत नाही. ईटीपीला वेगळं वीजमीटर असेल तर त्याच्या नोंदी मागा. मोटारी चालल्या नसतील तर युनिट चढणार नाहीत.

चौथी पायरी: कुणाच्या हाताखाली काम करायचं

फक्त पर्यावरणाचे खटले घेणारे वरिष्ठ मोजकेच. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे आणि महाराष्ट्र, गुजरात, गोवा, दमण-दीव, दादरा-नगर हवेली एवढा प्रदेश त्याच्याकडे येतो, त्यामुळे पुण्यात आणि मुंबईत संधी आहेत. पहिली दोन-तीन वर्षं दिवाणी आणि रिट दोन्ही करणाऱ्या ऑफिसात घालवा. जबाब, शपथपत्र, मनाई अर्ज यांवर हात बसला नसेल तर नुसती पर्यावरणाची कळकळ पुरत नाही.

पैशांचं स्पष्ट बोलू या. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली. शिफारस, सक्ती नव्हे. अनेक ऑफिसांत याहून कमी मिळतं. गावकऱ्यांचे दावे पोट भरत नाहीत. पोट भरतं ते कंपन्यांच्या सल्ल्याच्या कामावर. कन्सेंटचं नूतनीकरण, कारणे दाखवा नोटिशीला उत्तर, अटींच्या पूर्ततेची तपासणी हे काम नियमित असतं आणि त्याचे पैसेही वेळेवर येतात. ते कमीपणाचं मानू नका. कारखान्याच्या बाजूने दोन वर्षं काम केल्यावर ईटीपी कुठे आणि कसा चुकतो हे जितकं कळतं, तितकं विरुद्ध बाजूने दहा वर्षांत कळत नाही. मात्र ज्या कंपनीची गुपितं फाइलमध्ये पाहिली तिच्याविरुद्ध पुढे उभं राहता येत नाही, तेव्हा कुणाचं वकीलपत्र घेताय ते आधीच विचारात घ्या.

आणखी एक. शेतकरी अगदी सहज म्हणतात, "भरपाई मिळाली की त्यातले वीस टक्के तुमचे." नाही म्हणा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. अशील महिला असेल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल किंवा औद्योगिक कामगार असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते. त्या वाटेने जायला सांगा.

पाचवी पायरी: पहिली भेट

अशील आला की तक्रार ऐकण्याआधी तारखांचा तक्ता करा. वास पहिल्यांदा कधी आला, मासे कधी मेले, कन्सेंट कधी मिळालं, विस्तार कधी झाला, मंडळाला पहिली तक्रार कधी. मुदतीसाठी पहिली तारीख लागते, पण नवी घटना म्हणजे नवं कारण ठरू शकतं. जुनं कन्सेंट संपून नवं मिळालं असेल, नवं युनिट सुरू झालं असेल, पूर्णपणे वेगळी गळती झाली असेल तर तीही नोंदवा. 'प्रदूषण सतत चालूच आहे, म्हणून मुदतीचा प्रश्नच नाही' या युक्तिवादावर सगळा डोलारा उभा करू नका. कधी चालतो, कधी नाही.

मग ठरवा, जायचं कुठे. कन्सेंटच्याच अटींविरुद्ध तक्रार असेल तर जल कायद्याच्या कलम २८ खालचं अपील प्राधिकरण आधी येतं, थेट एनजीटी नव्हे. गावातल्या एखाद्या भट्टीचा धूर असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे सार्वजनिक उपद्रवाच्या त्या कलम १५२ चा अर्ज सर्वांत स्वस्त आणि कधीकधी सर्वांत जलद. सरकारी यंत्रणा काहीच करत नसेल आणि प्रश्न मूलभूत हक्काचा असेल तर उच्च न्यायालयात रिट. उरलेलं बरंचसं एनजीटीकडे, आणि एनजीटीच्या अखत्यारीतला वाद दिवाणी न्यायालयात नेता येत नाही, तिथे कलम २९ आडवं येतं.

गावाचंही ऐकून घ्या. ज्या कंपनीविरुद्ध अर्ज करायचा तिथेच निम्म्या घरांतली पोरं कामाला असतात. अर्जदार पाच असतील तर दुसऱ्या तारखेपर्यंत दोघांवर सोयऱ्यांचं दडपण येतं. म्हणून ग्रामसभेचा ठराव सोबत असेल तर बळ मिळतं, आणि नसेल तर त्यासाठी अडून बसू नका. कलम १८ खाली बाधित व्यक्ती एकटीही अर्ज करू शकते, संस्थाही करू शकते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीविरुद्ध २०१६ साली एनजीटीत गेली ती मच्छीमार समाजाची परिषदच.

सहावी पायरी: कागद गोळा करा

माहितीचा अधिकार हे इथलं पहिलं हत्यार. दहा रुपये आणि ३० दिवस. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे मागायचे कागद: चालू आणि आधीचं कन्सेंट, क्षेत्र अधिकाऱ्याचे भेट-अहवाल, मागच्या तीन वर्षांचे नमुन्यांचे निकाल, निघालेल्या नोटिसा, जप्त झालेल्या बँक गॅरंट्या आणि दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं नमुना ५ मधलं पर्यावरण विवरणपत्र. या विवरणपत्रात कंपनी स्वतःच पाण्याचा वापर आणि कचरा किती ते लिहून देते, आणि हे लिहिणाऱ्याला कन्सेंटमध्ये काय लिहिलंय ते बहुधा माहीत नसतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

'त्रयस्थ पक्षाची माहिती' म्हणून अर्ज फेटाळला तर अपील कराच, पण जल कायद्याचं कलम २५ (६) ही वाटही धरा. मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची आणि सांडपाण्याने बाधित होणाऱ्या कुणालाही ती पाहू द्यायची, असं तिथे सरळ लिहिलं आहे. हे कलम दाखवलं की कार्यालयात थोडी शांतता पसरते, मग कपाटाची किल्ली सापडते.

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागली असेल तर तिच्या अटींचे सहामाही पूर्तता अहवालही मागवा.

सातवी पायरी: नमुना

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. एक, कायदेशीर नमुना. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तो मंडळाचा अधिकारीच घेऊ शकतो. कारखानदाराला जागेवर नोटीस, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, सीलबंद, दोघांच्या सह्या. ही पद्धत पाळली नाही तर त्या विश्लेषणाचा निकाल कायदेशीर कारवाईत पुरावा म्हणून ग्राह्य धरत नाहीत, हे त्याच कलमात आहे. तुम्ही कंपनीच्या बाजूने असाल तर आधी हेच तपासाल. गावाच्या बाजूने असाल तर अधिकारी आलेला असताना अशिलाला तिथे हजर ठेवा आणि पद्धत पाळली जातेय की नाही ते बघायला सांगा.

दोन, तुमचा स्वतःचा नमुना. त्यावर शिक्षा होत नाही, पण न्यायाधिकरणाला दखल घ्यायला, मंडळाला तपासणीचा आदेश द्यायला तो पुरतो. एनजीटीला पुराव्याच्या कायद्याचे नियम बंधनकारक नाहीत. तरी ढिलाई नको. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या माणसालाच नमुना घ्यायला बोलवा, आणि तीन ठिकाणचा घ्या: नाला कारखान्याला भेटण्याआधी वर, प्रत्यक्ष सोडण्याच्या जागी आणि खाली. फक्त खालचा घेतलात तर वरून काय आलं ते विचारतील आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. पीएच जागेवरच मोजा. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा, उशीर झाला तर आकडा आपोआप खाली येतो, म्हणजे कंपनीच्याच फायद्याचा. जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारे फोटो काढा, दोन गावकऱ्यांच्या सह्यांनिशी साधा पंचनामा करा, आणि फोटोंसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

टँकरने रसायन ओतलं जातं ते रात्री. अशील फोन करतो, "आत्ता या, चालू आहे." जाऊ नका, निदान एकटे नाही. ११२ वर फोन करायला सांगा, मंडळाच्या अधिकाऱ्याला लेखी संदेश पाठवायला सांगा. त्या संदेशाची वेळ पुढे उपयोगी पडते आणि तुम्हीही शाबूत राहता.

आठवी पायरी: अर्ज आणि मागणी

भरपाई मागितली नसेल तर एनजीटीत अर्जाची फी १,००० रुपये. मागितली तर रकमेच्या एक टक्का, किमान १,०००. प्रतिवादींत कंपनी, राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ, जिल्हाधिकारी आणि जागा औद्योगिक वसाहतीतली असेल तर एमआयडीसी. सामाईक शुद्धीकरण प्रकल्प असेल तर तो चालवणारी संस्था विसरू नका. कारखाने तिच्याकडे बोट दाखवतात आणि ती कारखान्यांकडे.

मागणीत नवखे वकील एक मोठी चूक करतात. 'पर्यावरणीय भरपाई वसूल करावी' एवढंच लिहितात आणि अशिलाला वाटतं पैसे त्याला मिळणार. ती रक्कम मंडळाकडे जाते, नदी-जमीन सुधारण्यासाठी. शेतकऱ्याचं स्वतःचं नुकसान कलम १५ आणि दुसऱ्या अनुसूचीखाली वेगळं मागावं लागतं, आणि वेगळं सिद्धही करावं लागतं. त्यासाठी सातबारा, त्यावरचा पीकपेरा, आधीच्या चांगल्या वर्षांच्या बाजार समितीच्या पट्ट्या, तलाठी आणि कृषी सहायकाचा पंचनामा, मातीपरीक्षणाचा अहवाल हे सगळं हवं. विहीर सातबाऱ्यावर लागलेली नसेल तर ती आधी लावून घ्या. एवढ्याशा नोंदीवरून "विहीर होतीच कुठे?" असा प्रश्न आलेला मी पाहिला आहे.

पर्यावरणीय भरपाईचं केंद्रीय मंडळाचं सूत्रही समजून घ्या: प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांतला घटक, उद्योगाचा आकार आणि स्थानाचा घटक यांचा गुणाकार. लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी, वर्गातल्या लघुउद्योगाने ६० दिवस उल्लंघन केलं आणि जवळ मोठं शहर नाही, असं धरा. ८० गुणिले ६० गुणिले २५० गुणिले ०.५ गुणिले १, म्हणजे सहा लाख रुपये. सगळा खेळ दिवसांच्या संख्येवर आहे हे लगेच दिसेल. उल्लंघन कधी सुरू झालं आणि कधी थांबलं यावर दोन्ही बाजू भांडतात ती म्हणूनच, आणि तुमच्या तक्त्यातल्या तारखा पुन्हा इथे कामी येतात.

नववी पायरी: संयुक्त समिती

पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच एनजीटी बहुधा संयुक्त समिती नेमतं. केंद्रीय मंडळ, राज्य मंडळ, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी. या समितीचा अहवाल म्हणजे अर्धा निकाल, आणि तरीही पाहणीच्या दिवशी अर्जदाराचा वकील घरी असतो! समितीला आधी पत्र द्या: कोणत्या जागा पाहाव्यात, कोणत्या वेळी, कोणते घटक तपासावेत, मॅनिफेस्ट आणि मीटरच्या नोंदी मागाव्यात. पाहणीत अशील हजर राहील असं बघा. अहवाल आला की आक्षेप लेखी नोंदवा, तोंडी नाही. समितीचं मत म्हणजे निर्णय नव्हे, निर्णयाचं काम न्यायाधिकरण तज्ज्ञ समितीकडे सोपवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कांठा विभाग कोळी समाज प्रकरणात म्हटलं आहे. अहवाल विरुद्ध गेला तर हा निवाडा उघडायचा. तुमच्या बाजूने गेला तर समोरचा उघडेल, आणि मग प्रतिवादींना अहवालाची प्रत मिळाली होती, म्हणणं मांडायची संधी मिळाली होती, हे दाखवणारा कागद तुमच्या फाइलमध्ये हवा. तो नसेल तर जिंकलेला आदेश अपिलात नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर परत येऊ शकतो.

दहावी पायरी: आदेश मिळाल्यावर

कायद्यात सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं आहे. अशिलाला सहा महिने सांगू नका.

आदेश मिळाला की फटाके वाजतात, बातमी येते, वकील पुढच्या फाइलकडे वळतो. महिन्याभरात कंपनीला अटींवर पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळते आणि त्या अटी कोणी पाहत नाही. म्हणून आदेशाचा प्रत्येक परिच्छेद वेगळा लिहून काढा. कोणी, काय, किती दिवसांत करायचं, आणि त्या दिवसाची डायरीत नोंद. मुदत टळली की दुसऱ्या दिवशी संबंधित अधिकाऱ्याला पत्र, पंधरा दिवस वाट पाहून अंमलबजावणीचा अर्ज. एनजीटीचा आदेश कलम २५ खाली दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो, आणि न पाळणाऱ्यासाठी कलम २६ आहे.

आणि पावसाळा संपला, नाल्याचं पाणी पुन्हा खाली गेलं, की त्याच तीन जागांवरून, शक्यतो त्याच प्रयोगशाळेकडून पुन्हा नमुने घ्या. खर्च किती येईल ते अशिलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेलं बरं, कारण आदेशानंतर त्यासाठी कुणी पैसे काढत नाही.